तिन्ही प्रती एका छपराखाली आणू नयेत

मी, कालिंदी मधुसूदन पिशोरकर, वय वर्षे एकोणसत्तर, निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, आज सोमवार, दिनांक १० फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळचा नाश्ता आणि गोळ्या उरकून, स्वतःच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहायला घेत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी ठिकाणावर नाही, ती शुक्रवारी बदलायची आहे. हे लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेलं नाही की धाक दाखवलेला नाही. उलट चिरंजीवांनी पुण्याहून फोन करून "आई, कशाला असलं अभद्र लिहितेस?" म्हणून दोनदा अडवलं आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

डॉक्टर म्हणाले, धोका शंभरात पाच. सदतीस वर्षं मी रक्तपेढीत काढली. शंभरातले ते पाच कोण असतात, त्यांचे नातेवाईक बाहेर बाकावर कसे बसलेले असतात, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

कलम १. उस्मानपुऱ्यातला हा दोन खोल्यांचा फ्लॅट माझ्या पश्चात माझा एकुलता एक मुलगा वैजनाथ याचा. विकायचा असेल तर विकावा, माझी हरकत नाही, पण खालच्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक बद्रीनाथ म्हस्के यांना आधी विचारावं. त्यांची गाडी सतरा वर्षं माझ्या जागेत उभी असते. यावरून आमचं पुष्कळ वाजलेलं आहे. तरी जानेवारीत मला छातीत कळ आली तेव्हा त्याच गाडीतून त्यांनी मला दवाखान्यात नेलं. त्यामुळे गाडी राहू द्यावी.

कलम २. दागिने सुनेला. बँकेतली ठेव माझी नात मनू हिच्या शिक्षणाला. कागद कपाटात डाव्या खणात आहेत, आकडे तिथेच वाचावेत, इथे मी ते उतरवत बसत नाही. माझा जुना सूक्ष्मदर्शक म्हस्के सरांच्या शाळेला द्यावा आणि तो काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नये. मुलांनी हाताळून मोडला तरी चालेल.

कलम ३. सिल्लोडला रस्त्यालगत माझा दीड गुंठ्याचा प्लॉट आहे. तो सांडू बन्सी फरकाडे, राहणार सिल्लोड, यांना द्यावा. सांडूभाऊ आमच्या रक्तपेढीच्या गाडीचे ड्रायव्हर होते. त्यांना तो का द्यायचा, हे पुढे लिहीन. वैजनाथने कारण वाचण्याआधी वकिलाकडे धावू नये.

कलम ४. आता माझी खरी इस्टेट. ती एका फाईलमध्ये आहे आणि तिच्यात एकेचाळीस माणसं आहेत.

ज्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात तो दहा हजारांत एखाद्याचा असतो. साध्या तपासणीत तो 'ओ' वाटतो, पण 'ओ'चं रक्त चढवलं तर माणूस दगावू शकतो. त्याला त्याच गटाचं रक्त लागतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लावायची चाल, त्यामुळे एखाद्या घराण्यात हा गट निघाला की दोन-तीन माणसं सापडतात आणि शेजारच्या दहा गावांत कोणी नसतं. सोयगाव, सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, पैठण, असं फिरून मी ही माणसं जमवली. नाव, गाव, फोन, मागचं रक्तदान कधी, घरातून कोणाचा विरोध आहे, कोणाला बोलावताना आधी कोणाशी बोलावं, सगळं त्या फाईलमध्ये आहे. रक्तपेढी बंद पडली. यादी मी चालू ठेवली.

तिच्या तीन प्रती आहेत. एक माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर. दुसरी एका डिस्कवर, सांडूभाऊंकडे सिल्लोडला. तिसरी तशाच डिस्कवर, वैजनाथकडे पुण्याला. तिन्ही प्रती कधीही, कोणत्याही कारणाने, एका छपराखाली आणू नयेत. हा माझा नियम आहे आणि तो मी फार महागात शिकले. कागदावर उतरवू नये, फोनमध्ये ठेवू नये, हेही माझेच नियम. लोकांनी आपलं रक्त आणि आपलं नाव माझ्या भरवशावर दिलेलं आहे. ते पानटपरीवर पडलेलं मला चालणार नाही.

यादीची घाई आत्ता का, तेही लिहिते. सिल्लोडजवळच्या भागूबाई सपकाळ यांची नात उमा हिचा रक्तगट बॉम्बे आहे. ती एकवीस वर्षांची आहे, नववा महिना चालू आहे, हिमोग्लोबिन साडेआठ. दोन मार्चची तारीख दिली आहे. डॉक्टरांनी दोन बाटल्या तयार ठेवायला सांगितलं आहे. उमाची आई द्वारका बाळंतपणातच, रक्त न मिळाल्याने गेली. मी शुक्रवारी टेबलावरून उठले नाही तर उमासाठी कोणाला बोलवायचं, हे भागूबाईंना आजच सांगून ठेवायचं आहे. हे काम झाल्याशिवाय मी या कागदावर सही करणार नाही.

आणि जी प्रत उघडून पाहिली नाही ती प्रत नव्हेच, असं मी सदतीस वर्षं हाताखालच्या पोरींना शिकवलं. तेव्हा सांगण्याआधी उघडते.

(सोमवार, दुपार.) घरच्या कॉम्प्युटरवर फाईल नाही.

मी तीन वेळा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. कप्पा आहे, त्यावर मी दिलेलं नाव आहे, आत काही नाही. वैजनाथला फोन केला. तो दिवाळीत आला होता तेव्हा "किती मंद झालाय हा!" म्हणत दोन तास कॉम्प्युटरशी खटपट करत बसला होता. मी चकल्या तळत होते. आता म्हणतो, "अगं, मी सगळं नवीन टाकलं ना. तुझं सामान एका डिस्कवर काढलं होतं, मग परत टाकलं. टाकलं असेल. टाकलं होतं बहुतेक."

बहुतेक! संगणकाचा इंजिनिअर आहे माझा मुलगा.

कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावलं. तो म्हणाला, पुसलेलं परत निघतं कधी कधी, आठ दिवस लागतील, खात्री नाही. दिवाळीपासून मला एकही फोन आला नव्हता, नवं नाव आलं नव्हतं, जानेवारी माझा दवाखान्यात गेला. म्हणून मी तीन-साडेतीन महिने फाईल उघडली नाही. मुलाला बोल लावताना हेही लिहायला हवं.

सांडूभाऊंना फोन केला आणि सांगितलं की उद्या सकाळी ई-सेवा केंद्रात जाऊन डिस्क लावा आणि मला सतरावी ओळ वाचून दाखवा. ते फक्त "व्हय" म्हणाले. ते माझ्याशी एवढंच बोलतात. दर तीन महिन्यांनी बसस्टँडवर येतात, जुनी डिस्क माझ्या हातात देतात, नवी घेतात आणि लगेच परतीच्या गाडीत बसतात. वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडचा चहा घेतलेला नाही.

(मंगळवार, दिनांक ११.) साडेदहाला फोन आला.

"बाई, कप्पा हाय. आत काय बी नाय."

"नीट बघा. त्या मुलाला विचारा."

"इचारलं. तो म्हणतो रिकामी हाय म्हणून. मी बी बघितलं सोताच्या डोळ्यानं."

मग कळलं काय झालं ते. दर रविवारी आपोआप प्रत काढणारी सोय मीच मोठ्या कौतुकाने बसवून घेतली होती. कॉम्प्युटरवर जे आहे ते तसंच्या तसं डिस्कवर, हे तिचं काम. दिवाळीनंतर कॉम्प्युटरवर काही नव्हतं, तेव्हा तिने इमानदारीने डिस्कवरचंही पुसलं. तीच डिस्क जानेवारीत मी सांडूभाऊंच्या हातात दिली. बदल्यात आलेली जुनी मी कॉम्प्युटरला लावून ठेवली, पुढच्या रविवारी तीही पुसली गेली. तीन जागा निराळ्या ठेवल्या, आणि चूक तिन्हीकडे पोचवायची व्यवस्था मीच करून ठेवली.

पुण्याची उरली होती. ती वर्षातून एकदा बदलते, म्हणजे तिच्यात फार तर दहा नावं कमी असती. वैजनाथने डिस्क शोधली आणि लावली.

"आई, हिच्यावर मनूच्या वाढदिवसाचं शूटिंग आहे."

"आणि आधीचं?"

"जागा पुरत नव्हती, आई. मला वाटलं, तुझ्याकडे आणखी दोन आहेतच."

मी फोन ठेवला. रागाने नाही. माझ्या तोंडून काय निघेल याची मला भीती वाटली. ज्याच्याकडे तिसरी प्रत आहे तो म्हणणार दोन आहेतच, आणि पहिलीवाला म्हणणार दोन आहेतच. हे मी कोणत्याही नियमात लिहिलं नव्हतं.

म्हणून कलम ४ मधला तीन प्रतींबद्दलचा मजकूर आज रोजी खोटा ठरला आहे. तो मी खोडत नाही. मी कशावर विसंबून होते हे वाचणाऱ्याला कळू द्यावं.

कलम ५. वैजनाथवर या बाबतीत कोणी कसलाही ठपका ठेवू नये. त्याने स्वतःही ठेवू नये. फ्लॅट त्याचाच आहे.

(बुधवार, दिनांक १२, सकाळ.) आठ वाजता भागूबाईंचा फोन आला. मागे गाडीचा आवाज होता.

"ताई, उमाच्या पोटात दुखाया लागलंय. पाणी गेलंय. आमी शहराकडंच निघालोय. तुमी म्हणल्या व्हत्या ना, माणसं हायत तुमच्याकडं? बोलवा ताई. माझ्या द्वारकीसारखं नगं व्हायला."

अठरा दिवस आधी. मी म्हणाले, "तुम्ही या. मी बघते." आणि खोटं बोलल्यासारखं वाटलं, कारण बघायला माझ्याकडे काही नव्हतं.

डोक्याला ताण देऊन चार नावं आठवली. पैठणच्या एकाने महिन्यापूर्वीच रक्त दिलेलं होतं, त्याचं आता घेता येत नाही. एक आखातात नोकरीला गेला. एकीचा नंबर दुसऱ्याच कोणाला लागत होता. चौथ्याच्या सुनेने सांगितलं, मामा मागच्या आषाढात वारले. मुंबईच्या एका पेढीत एक बाटली होती. उद्या दुपारपर्यंत पाठवू म्हणाले. दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचा निरोप आला की बाळाचे ठोके कमी होत आहेत, दुपारपर्यंत थांबता येईल, उद्यापर्यंत नाही.

तेव्हा मी पुन्हा सांडूभाऊंना फोन केला. कशासाठी, ते मलाही ठाऊक नव्हतं. दुसरं कोणी उरलं नव्हतं. मी म्हणाले, "सांडूभाऊ, उमा आली आहे दवाखान्यात. यादी गेली. पुण्याचीही गेली. मला चारच माणसं आठवली आणि चौघंही कामाची नाहीत. मी काय करू?"

त्यांनी ट्रंक उघडल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "कागदावर हाय माझ्यापाशी."

"काय?"

"यादी. दोनशे पानी वहीत. दर खंडेनवमीला ती डिस्कची डबी घिऊन केंद्रात जातो आन् समदी नावं उतरवतो. औंदा बी उतरवलीत, दिवाळीच्या आधी. मी पूजा नाय करत त्या दिशी. हेच करतो."

"अहो, मग काल का नाही बोललात?"

"काल तुमी डबीचं इचारलं. आन् कागदावर उतरायचं नाय, असा तुमचा नियम हाय. एक डाव नियम मोडला म्हणून घरी बसलो, बाई. दुसऱ्यांदा मोडला हे कोणत्या तोंडानं सांगू?"

पहिला नियम त्यांनी मोडलेलाच नव्हता आणि हे जगात दोनच माणसांना खात्रीने ठाऊक आहे. ती दोघं त्या क्षणी फोनच्या दोन टोकांना होती.

ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या आता. लिहून घ्या." आणि वाचायला लागले. सहाव्या नावाला सोयगावचे सख्खे भाऊ निघाले, दोघांनीही सहा महिन्यांत रक्त दिलेलं नव्हतं. "त्यास्नी बसनं नका बोलावू," सांडूभाऊ म्हणाले. "मी जीप काढतो. जाऊन आणतो." ते आता सिल्लोडच्या रस्त्यावर काळी-पिवळी चालवतात. सहासष्ट वर्षांचे आहेत.

हे मी लिहिते आहे तेव्हा पावणेअकरा झाले आहेत. ते सोयगावच्या वाटेवर असतील. माझं हृदय बरं चाललेलं नाही आणि डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलं आहे. मी पडून राहू शकत नाही. म्हणून जे पुढे लिहीन म्हणाले होते ते आत्ता लिहिते.

कलम ६. कबुली.

२००३ साली मी एका विश्वस्त संस्थेच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ प्रमुख होते. यादीत तेव्हा तेवीस नावं होती. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, एक फ्लॉपीवर माझ्या घरी, एक सीडीवर सांडूभाऊंच्या घरी सिल्लोडला. बाहेरची प्रत तंत्रज्ञ प्रमुखाच्या परवानगीशिवाय आत आणायची नाही, असा लेखी नियम होता. तो मीच लिहिला होता.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगराची करतो, शिंपी यंत्राची करतो. आम्ही रक्तपेढीत फ्रीज, तराजू, सूक्ष्मदर्शक, सगळ्यांना झेंडूचे हार घालत होतो. कॉम्प्युटर आला तसा त्यालाही घालू लागलो. त्या वर्षी मला वाटलं, एकाच कामाची तीन हत्यारं, एकाला हळदकुंकू आणि दोन उपाशी, हे बरं नव्हे. वर्षभर ज्यांच्यावर भरवसा ठेवायचा त्यांना एक दिवस मान नको का? मी घरून फ्लॉपी आणली. आणि सकाळी सात वाजता सांडूभाऊंच्या शेजाऱ्यांकडे फोन करून त्यांना फोनवर बोलावून घेतलं आणि सांगितलं, "येताना सीडी घेऊन या. आज सगळ्यांची एकत्र पूजा करू."

त्यांनी विचारलंही होतं, "आणू का बाई? नियम हाय ना?" मी म्हणाले, "मी सांगते ना."

टेबलावर नवं कापड घातलं. मागे थर्माकोलची कमान केली. कॉम्प्युटरपुढे फ्लॉपी आणि सीडी मांडली, कुंकू लावलं, समई लावली. मग सगळे पेढे खायला पलीकडच्या खोलीत गेले. पंखा कोणी बंद केला नाही. समई मी लावली होती, पंखाही मीच बंद करायला हवा होता. आम्ही परत आलो तेव्हा कमान जळून टेबलावर वितळत होती. कॉम्प्युटर, फ्लॉपी, सीडी, तिन्ही त्याच टेबलावर.

नवव्या दिवशी द्वारकाचा फोन आला. म्हणजे तिच्या आईचा, भागूबाईंचा. मला तेवीसांतली पाच माणसं आठवली. सांडूभाऊंनी गाडी काढली आणि तीन गावं पालथी घातली. एक दाता घेऊन ते चार वाजता दवाखान्यात पोचले. द्वारका तीनला गेली होती. तिची मुलगी जगली, तिचं नाव उमा.

त्यावर चौकशी बसली. विश्वस्तांनी विचारलं, बाहेरची प्रत आत कशी आली? सांडूभाऊ उभे राहून म्हणाले, "बाईंनी फोन केला व्हता." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहत म्हणाले, "मी फोन केला नव्हता."

हे चार शब्द मी बोलले. सांडूभाऊंची अठरा वर्षांची नोकरी त्या चार शब्दांनी गेली. मधुसूदनांना जाऊन सात महिने झाले होते, वैजनाथ बारावीला होता, मला नोकरीची भीती वाटली. ही कारणं आहेत. सबब म्हणून लिहीत नाही. सांडूभाऊंची मुलंही शाळेतच होती. त्यांनी मला तिथे खोटारडी म्हटलं नाही. फक्त किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेले.

दोन वर्षांनी मी यादी पुन्हा उभी केली आणि लाज गुंडाळून त्यांच्या दारात गेले. शहराबाहेर प्रत ठेवायला दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "द्वारकीच्या पोरीसाठी ठेवतो. तुमच्यासाठी नाय." तेव्हाही मी माफी मागितली नाही. आज वीस वर्षं दर तीन महिन्यांनी त्यांच्या हातात डिस्क देताना मी ते शब्द जुळवत आले आणि गाडी सुटू दिली. मला लाज वाटते. फार लाज वाटते.

(बुधवार, संध्याकाळ.) काही कळलेलं नाही. दोघे भाऊ पोचले, रक्त घेतलं, जुळणी चालू आहे, एवढं दुपारी कळलं. मग फोन नाही. म्हस्के सर दोनदा वर येऊन "काही निरोप?" विचारून गेले. मी जुळणीला किती वेळ लागतो ते मिनिटांवर सांगू शकते आणि त्याचा आज काही उपयोग नाही.

(गुरुवार, दिनांक १३.) सकाळी नऊ वाजता सांडूभाऊ स्वतः आले. कालचेच कपडे. त्यांनी दारातच सांगितलं, "मुलगी झाली. पोट फाडावं लागलं. दोन्ही बाटल्या लागल्या. उमा बोलतीया." मी रडले. लपवण्याचं काही कारण नाही.

ते लगेच निघाले होते. उमा वाचली होती, वही सापडली होती, मला कोणी काही विचारत नव्हतं. मी गप्प बसले असते तर उद्या टेबलावर तशीच गेले असते आणि तेही तसेच गेले असते. मी म्हणाले, "पाच मिनिटं बसा. एक वाचून दाखवायचं आहे." आणि म्हस्के सरांना वर बोलावून, त्यांच्यासमोर कलम ६ मोठ्याने वाचलं. शेवटाकडे मी कागद पुढे केला, तेव्हा उरलेलं म्हस्के सरांनी वाचलं.

सांडूभाऊ खाली बघत ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "आन् प्लॉटचं काय लिवलंय?"

मी कलम ३ वाचलं.

"ते खोडा."

"सांडूभाऊ, ते तुमचं आहे. तुमची अठरा वर्षं..."

"साक्षीदार कोण कोण हाय?"

म्हस्के सर म्हणाले, "एक मी. दुसरं कोणी बघायचंय. पण ज्याला काही मिळतंय त्याने साक्षीला सही करू नये, असं वकील सांगतात."

"म्हणून तर म्हणतो खोडा," सांडूभाऊ म्हणाले. "तो फोन म्या घेतला व्हता. दुसऱ्या कोणी ऐकला नाय. मंग हे खरं हाय म्हणून सही दुसरा कोण करील? जिमीन नगं मला. सही करायची हाय."

कलम ३ (नवे). आधीचं कलम ३ मी खोडलं आहे, शेजारी माझी सही आहे. सिल्लोडचा प्लॉट माझ्या पश्चात उमाला द्यावा.

कलम ७. यादी सांडू बन्सी फरकाडे यांच्या ताब्यात राहील. ही इस्टेट नव्हे, काम आहे, त्यामुळे साक्षीला बाध येत नाही. वहीवरून वैजनाथने शनिवार-रविवारी येऊन स्वतः टाइप करावी आणि तीन प्रती कराव्यात. आपोआप पुसणारी सोय काढून टाकावी. ज्याच्याकडे प्रत आहे त्याने दर अमावास्येला ती उघडून एक ओळ दुसऱ्याला फोनवर वाचून दाखवावी. वही चालू ठेवायची की नाही हे सांडूभाऊ ठरवतील, त्याला माझा कोणताही नियम लागू नाही.

कलम ८. कलम ६ ची एक प्रत त्या संस्थेच्या आज हयात असलेल्या विश्वस्तांना पाठवावी. मी जगले तरी पाठवावी.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी चार दिवस बसून, खाडाखोडीसकट, समजून उमजून लिहिलं आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही करत आहे आणि त्यांनी माझ्यासमोर करायची आहे.

स्थळ : उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १३ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

(सही) कालिंदी मधुसूदन पिशोरकर

साक्षीदार १ : बद्रीनाथ काकासाहेब म्हस्के, निवृत्त शिक्षक, राहणार वरीलप्रमाणेच, तळमजला. श्रीमती पिशोरकर यांनी माझ्यादेखत सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या व नेहमीप्रमाणे बोलत होत्या. (सही)

साक्षीदार २ : सांडू बन्सी फरकाडे, धंदा जीप ड्रायव्हर, राहणार सिल्लोड. बाईनी माझ्या समोर सही केली. सहावं कलम मी आयकलं. ते खरं आहे. फोन सकाळी सातला आला व्हता, शेजारच्या घरी, मी नियमाचं इचारलं व्हतं. एकवीस वर्षं मी घरात, गावात सांगत ऱ्हायलो, आता हा कागद दाखवीन. माफी केली का नाय ते इथं लिहीत नाय. बाई दवाखान्यातून शुद्धीवर आल्या की तोंडी बोलू. (सही)